पाच सेकंदांचा काळोख

सेफ्टीपिन काही केल्या उघडत नव्हती. गंजून टोक डोक्यात रुतून बसलं होतं, आणि दीपमाला दोन्ही अंगठ्यांचा जोर लावून ती दाबत होती, डाव्या खांद्यावर पांढऱ्या साडीचा काठ – पौर्णिमेच्या वंदनेला बायका नेसतात तसल्या दोन साड्या, आडव्या, एकीखाली एक जोडल्या की विहाराच्या भिंतीवर झकास पडदा होतो, हे तिला काल सुचलं होतं आणि सुचल्यासुचल्या स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आता मधोमध शिवण दिसत होती. म्हणजे पिक्चरमधल्या सिंधूताईंच्या तोंडावरून, बरोबर नाकाखालून शिवण जाणार... जाऊ दे. शिवणीचं काय घेऊन बसलीस, तिनं स्वतःला दटावलं, तुझ्या पिक्चरला याहून मोठं भोक आहे, आणि ते कुठल्याच पिनेनं बुजणार नाही.

पिन एकदाची उघडली. अंगठ्यावर रक्ताचा ठिपका आला. तिनं तो घाईघाईनं पदराला पुसला, पडद्याला लागू नये म्हणून.

"दीपा, ही खिडकी झाकू का राहू देऊ?" प्रेमानंद स्टुलावर उभा होता, दोन्ही हातांत गोधडी. "लय उजेड येऊन राह्यला."

"झाका."

"इतक्या गोधड्या त माह्या लग्नातबी नव्हत्या," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. तीही हसली. नवरा वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत होती. वाईट असता तर भांडता आलं असतं.

मोताळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि पाटीवर प्रेमानंदचं नाव होतं. लग्नाचं शूटिंग तो करायचा आणि नंतर तीन-चार दिवस संगणकापुढे बसून ते कापायची, जोडायची, त्याला गाणी लावायची ती, दीपमाला, गेली अठरा वर्षं. लोक सीडी न्यायचे, पुढे पेनड्राइव्ह न्यायचे आणि म्हणायचे, काय सफाई आहे प्रेमानंदच्या हाताला! ती आतल्या खोलीत ऐकायची. वाईट वाटायचं नाही... वाटायचं. खोटं कशाला बोला? फक्त ते कुणाला सांगण्याइतकं मोठं नव्हतं, चपलेतल्या खड्यासारखं होतं, चालता येत होतं.

सुरुवातीला प्रेमानंदनंच तिला शिकवलं होतं – साडी बदलली की विधी बदलला. पिवळी म्हणजे हळद, जरीची म्हणजे लग्न, मग जेवणावळीची, मग पाठवणीची. नवरीचा चेहरा पाहूच नको, साडी पाहा, तिथं काप. आणि दुसरं – कडेला भांडी घासणाऱ्या बाया दिसल्या की काढून टाक, पार्टी नाराज होते. तिनं काढल्या. त्या बायांत सिंधूताई असायच्या. पंचक्रोशीतलं एक लग्न असं नव्हतं की जिथं मांडवामागं राखुंडीचे हात घेऊन त्या बसलेल्या नाहीत. पातेलं उचलताना त्या कधी नेमक्या कॅमेऱ्यासमोर यायच्या, दचकायच्या, पदर ओढायच्या. दीपमाला तिथं बोट ठेवायची आणि अर्धा सेकंद कमी व्हायचा. अठरा वर्षांतले असे अर्धे-अर्धे सेकंद गोळा केले तर – मागल्या उन्हाळ्यात जुनी हार्डडिस्क रिकामी करताना तिनं ते खरंच गोळा केले. अकरा मिनिटं भरली. अकरा मिनिटं मी एका बाईला जगातून कापून टाकलं, असं तिच्या मनात आलं, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

म्हणून पिक्चर. म्हणून सिंधूताई. म्हणून अकराच मिनिटं.

गोष्ट म्हणाल तर चिमूटभर. एक म्हातारी घरातून निघते, गल्लीतून चालत फाट्यावर जाते. धाड गावाला दिलेली लेक आज येणार असते. एसटी येते, थांबते, कुणी उतरत नाही, एसटी जाते. म्हातारी घरी परतते. एवढंच. फाट्यावर गाडी दिवसातून एकदा, साडेअकराला. पहिल्या दिवशी गाडीच्या आणि शूटिंग करणाऱ्या तिच्या मोबाइलच्या मध्ये नेमका कडब्याचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी गाडीतून वस्तीतले उत्तमराव उतरले, खांद्यावर पोतं, आणि मोबाइलकडे पाहून त्यांनी हात जोडून मोठ्यानं जयभीम घातला. तिसऱ्या दिवशी जमलं. तीन दिवसांतलं चांगलं चांगलं निवडून तिनं जोडलं, चार रात्री मान मोडेस्तोवर जोडलं, आणि पाचव्या दिवशी प्रेमानंद चहाचा कप घेऊन पाठीमागं उभा राहिला, पाहिलं, आणि कप हिंदकळेपर्यंत हसला.

"अवं, घरातून निघाली हिरव्यात, गल्लीत जांभळी, फाट्यावर पिवळी! पिक्चर हाये का लगीन?"

तिला ते दिसलंच नव्हतं! साड्यांवर अठरा वर्षं पोट भरलेल्या बाईला साडी दिसली नव्हती. नव्हे, दिसली होती. पण साडी बदलणं हे डोळ्याला इतकं अंगवळणी पडलं होतं की साडी बदलली तिथं हातानं आपोआप कापलं, आणि डोकं म्हणालं, हं, ठीक. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती. हसावं की रडावं?

विचारायला गेली तेव्हा सिंधूताईंनी तिलाच वेड्यात काढलं. "आदल्या दिवशीचं लुगडं दुसऱ्या दिवशी नेसून येऊ का? लोकं म्हणतीन, हिले एकच हाये."

मग तिनं दुसरा पिक्चर जोडला. सगळा तिसऱ्या दिवसाचा, पिवळाच. बरोबर. कुणी बोट ठेवणार नाही असा. पण पिवळ्या दिवशी सिंधूताई गल्लीतून चालत होत्या ते कॅमेऱ्याला दाखवायला, परेडीला निघाल्यासारख्या. आणि जांभळ्या दिवशी त्या मध्येच एका उंबऱ्यापाशी रेंगाळल्या होत्या, मागं वळून पाहिलं होतं, कुणासाठी कोण जाणे – त्या चार सेकंदांत आपण मोबाइल धरलाय हेच दीपमाला विसरली होती. ते चार सेकंद बरोबर पिक्चरमध्ये नव्हते. ते सोडले तर बाकी राहतं काय? एक बाई बसची वाट पाहते... ती तर कुणीही पाहतं.

पेनड्राइव्हमध्ये दोन्ही होते. एकाला तिनं नाव दिलं होतं 'बरोबर', दुसऱ्याला 'चूक'. आणि दोन्हींच्या शेवटी जिथं आधी तिचं नाव होतं, कथा आणि दिग्दर्शन दीपमाला, तिथून तिनं अक्षरं पुसली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक हसलेच तर कुणाला हसले ते कळायला नको. अक्षरं पुसली, पण तेवढी जागा कापायला हात धजावला नाही. शेवटी पाच सेकंद नुसता काळोख उरला.

"बरोबरवालाच लाव हां," प्रेमानंद प्रोजेक्टरची वायर सोडवत म्हणाला. तो मनापासून सांगत होता. "अख्खी वस्ती येऊन राह्यली. पह्यल्याच पिक्चरले हसू नोको करून घेऊ."

त्याचं बरोबर होतं. आज हसले तर संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणी रागावणार नव्हतं, कुणी बंदी घालणार नव्हतं. फक्त उद्या ती आतल्या खोलीत जाऊन बसेल, दुसऱ्यांच्या नावांना सोनेरी अक्षरं लावेल, आणि पुन्हा बाहेर येणार नाही. चाळिशीत माणसाला दोनदा धीर होत नाही.

वंदना संपली. पांढऱ्या साड्यांनी विहार भरून गेलं होतं. सिंधूताई पुढं आल्या, तिच्या कानाशी वाकल्या. अंगावरच्या ठेवणीतल्या साडीला कापराचा वास.

"पोरी, माह्या साड्या दिसतीन ना? तिन्हीबी?" आणि मग आणखी हळू, "जांभळी भाचीची हाये. मांगून आणली होती."

दीपमालाचं बोट 'बरोबर'वर होतं. पुन्हा काढून टाकायचं म्हणजे. हिरवी आणि जांभळी, दोन दिवस, मागून आणलेली एक साडी, एक उंबरा – पार्टी नाराज होते म्हणून. मी हेच करत आले. हेच एक मला येतं. तिला अचानक राग आला, कुणाचा ते कळेना, पण राग आला आणि रागाबरोबर बोट खाली 'चूक'वर सरकलं.

दार लोटलं. अंधार झाला.

पहिल्यांदा हशा पिकला. "अवं, सिंधूताई!" म्हणून बायका खिदळल्या, आणि शिवण खरोखरच नाकाखालून गेली. शेजारणीला 'लेक यायची हाये' सांगत हिरवी साडी उंबरा ओलांडून बाहेर पडली. दीपमाला मनात मोजत होती, आता, आता... गल्ली. जांभळी.

पुढच्या रांगेतून अन्नपूर्णाबाईंचा आवाज, खणखणीत, "मघा हिरवी होती ना वं?"

आलं. ती डोळे मिटून उभी राहिली. भिंतीचा गारवा पाठीला लागत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते उगाच नाही.

"तो कालचा दिवस असंन," दुसरी कुणीतरी म्हणाली. "हा आजचा."

"मंग कालबी नाई आली का पोरगी?"

"नसंन आली."

तिनं डोळे उघडले. पडद्यावर सिंधूताई उंबऱ्यापाशी रेंगाळल्या होत्या, मागं वळून पाहत होत्या, आणि विहारात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग फाटा. पिवळी.

"आजबी निंगाली बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. आता आवाज खणखणीत नव्हता. त्यांचा मुलगा भोसरीला कंपनीत होता, दिवाळीला येतो म्हणाला होता, त्याला तीन दिवाळ्या झाल्या. "रोजच जाते वं हे."

एसटी आली, थांबली, धूळ उडवून गेली. कुणी हललं नाही. म्हातारी घरी परतली, आणि घरात शिरली ती पुन्हा हिरव्यात – शेवटचा तुकडा पहिल्या दिवसाचा होता – आणि बायकांतून एक लांब सुस्कारा निघाला. त्यांच्या हिशेबी साड्यांचा फेरा पुरा होऊन पुन्हा हिरवीचा दिवस आला होता, लेक मात्र आली नव्हती. मग काळोख. पाच सेकंद. तिनं ते मनात मोजले, आणि एवढे लांब सेकंद तिनं आयुष्यात मोजले नव्हते.

टाळ्या पडल्या. नुसत्या पडल्या नाहीत, थांबेनात. हे मी केलेलं नाही, असं पहिल्यांदा मनात आलं. ही तर चूक होती, ह्या बायकांनीच ती शिवून घेतली, मी फुकटची शाबासकी खाते आहे... पण मग जांभळीनंतर पिवळी कुणी ठेवली? उंबऱ्यापाशी चार सेकंद जास्त कुणी थांबवले? बोट 'बरोबर'वर असताना ते खाली कुणी सरकवलं? मी. चूक झाली तीही माझी, आणि ठेवली तीही मीच.

"प्रेमानंद, भारी काढला राजा!" मागून उत्तमराव ओरडले.

"म्या नाई," प्रेमानंद म्हणाला. तो स्टुलापाशी उभा होता आणि त्याचे डोळे ओले होते. लपवायला गोधडी होती, पण त्यानं लपवले नाहीत. "म्या त गोधड्या लावल्या. तिनं काढला."

सगळी डोकी वळली. इतके चेहरे एकदम तिच्याकडे, तिच्याकडे बघणारे! तिला काय करावं सुचेना. पदर ओढावासा वाटला, हात वरही गेला, आणि तो हात तिनं तसाच खाली आणला.

सिंधूताई उठून तिच्याजवळ आल्या. "तिन्हीबी दिसल्या," त्या म्हणाल्या, एखादी मोठी कामगिरी फत्ते झाल्यासारख्या. मग जरा थांबून, "केस लयच पांढरे झाले वं माह्ये. कोनी सांगतलंच नाई." आणि हसल्या.

"पुन्हा लाव!" कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

या वेळी लॅपटॉपपाशी प्रेमानंद बसला. दीपमाला पुढं गेली, बायकांत, सतरंजीवर, सिंधूताईंच्या गुडघ्याला गुडघा लावून. हिरवी साडी निघाली. तिला पहिल्यांदाच कुठं कापलंय ते दिसेना. एक म्हातारी दिसत होती, रोज जाणारी, आणि तिच्या लेकीचा इतका राग आला की दीपमालाला स्वतःचंच हसू आलं. कोण लेक? लेक तर मी दाखवलीच नाही.

एसटी गेली. हिरवी घरात शिरली. काळोख झाला.

अठरा वर्षांत तिनं शेकडो नावं लिहिली होती, सोनेरी, वळणदार, भोवती गुलाब. आपल्या नावाला कुठली अक्षरं लावायची, याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. सोनेरी तर नकोच. साधी पांढरी? की जांभळी? डावीकडे की मधोमध? एक सेकंद, दोन सेकंद... शेजारी सिंधूताईंचा गुडघा ऊबदार होता, कुणी अजून टाळी वाजवली नव्हती, आणि तिला वाटत होतं की इतक्यात वाजवू नये, अजून थोडं थांबावं, अजून तिचं ठरलेलं नाही.