रिकाम्या खोलीचं चित्र

कामाच्या खोलीतून मी बाहेर पडले की माझ्या पाठीमागे टेबलावरचा दिवा लागायचा. आमचे हे वारले त्या वर्षापासून. पहिल्यांदा लागला तेव्हा माझ्या हातातली किटलीच पडली. दाराशी उभी राहून पाहिलं, तर माझ्या खुर्चीवर उजेड आणि खुर्चीत कुणी नाही. धीर करून आत गेले, जाऊन खुर्चीत बसले, तसा थोड्या वेळाने दिवा विझला. उठले, पुन्हा लागला.

दिवा कुणाच्या हुकमाने लागतो ते मला ठाऊक होतं. कोपऱ्यात, छताला लागून, ह्यांनी बसवलेली काड्यापेटीएवढी डबी होती आणि डबीत तीळ होता. तीळ हे नाव आमचं घरचं. पेटंटच्या कागदांवर त्याला ओळभर लांब नाव आहे. उजेड नव्हे, अंगाची ऊब पाहणारा तो एक इवलासा डोळा. खोलीत माणूस आला की तिळाला कळावं, आणि त्याने दिवा लावावा. ह्यांची बहुतेक पेटंटं त्या तिळाचीच. जोडणी मात्र माझी. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक सोन्याच्या तारा मी चिकटवायची, कारण ह्यांचं डोकं बारीक आणि बोटं जाडी.

पेटंटच्या वकिलाशी ह्यांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. 'डोळ्याने मूळ चित्र खोली रिकामी असताना घ्यावे,' असं ह्यांनी अर्जात लिहिलं होतं. वकील म्हणाला, "रिकामी म्हणजे नेमकी कशी, ते स्पष्ट करा."

"रिकामी म्हणजे रिकामी! तुमच्या डोक्यासारखी."

पेटंट मिळालं. वकील पुन्हा आमच्या दारात आला नाही.

तर तीळ खोटं बोलत नाही, हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. तो म्हणतोय खुर्चीत कुणीतरी आहे, म्हणजे आहे. आणि त्या खोलीत यायचा जीव दुसऱ्या कुणाचा होणार? मी बोलायला लागले. स्वयंपाकघरातूनच, दार अर्धं उघडं ठेवून. "अहो, तुमच्या लेथवाल्याने दुकान विकलं." "अहो, धाकट्या भाचीला मुलगा झाला." दिवा रात्रभर जळला तरी मी बटण बंद केलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. म्हातारी चळली म्हणायला लोकांना काय लागतं?

यंदा मी न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण बराच वेळ उठता आलं नाही. मुलगी दुसऱ्या गावी असते. धावत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, एक तर माझ्याकडे राहायला चल, नाहीतर घरात लक्ष ठेवणारं यंत्र बसवते. तू हललीस-डुललीस की माझ्या फोनवर कळेल."

"विकतचं यंत्र? ह्या घरात? सुताराच्या घरात कुणी पाट उसना आणतं का?"

"मग बाबांचंच जोडू. पण ते चाललं नाही तर रविवारी सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," म्हटलं. म्हणाले खरी, पण मी गेले तर घर बंद होणार, बटण बंद होणार. ह्यांनी मग कुठे बसायचं?

मुलीने तिच्या ओळखीतली एक इंजिनिअर पाठवली. केस कापलेली, हसरी, स्टुलावर माकडासारखी चढली. डबी खाली काढून हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "आजी, आजोबांची पेटंटं मी कॉलेजात वाचलीत. मुदत कधीच संपली त्यांची. आता आम्ही सगळेच फुकटात वापरतो." खोलीत कोण कुठे आहे ते मुलीच्या फोनवर दिसावं म्हणून तिने डबीला एक तार जोडली, डबी पुन्हा जागेवर बसवली आणि गेली.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, मुलीचा फोन.

"आई, कोण आलंय गं घरी?"

"कुणी नाही. का?"

"मग खुर्चीत कोण बसलंय?"

मी ओट्याशी उभी होते. इतकी वर्षं जे मला एकटीला ठाऊक होतं, ते आता लेकीच्या फोनवर उमटत होतं.

"आणि सकाळी तू कुठे होतीस? खोली रिकामी दाखवत होतं."

"सकाळभर मी खुर्चीतच होते."

"म्हणजे तू उठलीस की कुणीतरी येऊन बसतं, आणि तू येऊन बसलीस की तिथे कुणीच नसतं. आई, मला हे बरं वाटत नाही."

"घाबरतेस कशाला? बाबाच आहेत," मी म्हणाले.

तिने फोनच ठेवला. दुसऱ्या दिवशी ती इंजिनिअरला घेऊनच दारात उभी.

इंजिनिअरने डबी आपल्या छोट्या पडद्याला जोडली. "तीळ आधी रिकामी खोली लक्षात ठेवतो, आजी. मग समोर जे दिसतं त्यातून ती वजा करतो. उरला तो माणूस. ते मूळ चित्रच काढून बघू."

चित्र कसलं, फरशीच्या तुकड्यांसारखे चौकोन. काळपट, करडे. फक्त माझ्या खुर्चीच्या जागी फिकट चौकोनांचा एक उभा पट्टा, वरच्या टोकाला पुढे झुकलेला.

"ही रिकामी खोली? इथे तर कुणीतरी बसलंय," इंजिनिअर म्हणाली. "मान खाली घालून."

"मायक्रोस्कोपवर," मी म्हणाले.

"तुम्ही आहात ह्या! म्हणून तुम्ही बसलात की डबीला वाटतं, सगळं नेहमीसारखं आहे. तुम्ही उठलात की काहीतरी बदललं, म्हणून ती दिवा लावते. आजोबांच्या कसं लक्षात आलं नाही?"

कसं येणार? मी उठायची तेव्हा हे खोलीत असायचेच, दिवा ह्यांच्यासाठी लागलाय असंच वाटायचं. आणि खोलीतून निघताना बटण बंद करायची ह्यांची सवय; हे गेल्यावर ते चालूच राहिलं.

तो दिवस मला आठवला. "सगळे बाहेर व्हा, खोली रिकामी हवी!" म्हणून ह्यांनी लेथवाल्याला घालवलं, लेकीला घालवलं, मांजराला घालवलं. मीही उठू लागले, तर म्हणाले, "तू कुठे निघालीस? तू बस." पुढच्या तिळाची तार अर्धी जोडलेली होती. मी बसले. हे बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

मुलगी फणकारली. "बाबांनी तुला टेबलाखुर्चीसारखं सामानात धरलं. रिकामी खोली म्हणे!"

"किंवा तुम्ही नसलात तर ती त्यांची खोलीच नव्हती," इंजिनिअर म्हणाली.

"तुला गोड वाटणारच. मी ह्या घरात वाढलेय."

मी मध्ये पडले नाही. दोघींचंही खरं होतं, आणि तो माणूस दोघींनाही पुरता माहीत नव्हता.

माझं मन भलत्याच गोष्टीशी अडलं होतं. इतकी वर्षं मी जिला 'अहो' म्हणत होते, ती मीच होते. काळे केस, मान मोडून कामाला जुंपलेली, बाहेर दाराशी नवरा उभा. तिला मी सगळ्या बातम्या दिल्या. कोण आजारी पडलं, कोण गेलं. तिच्या आयुष्यात त्यातलं काहीच अजून घडलेलं नव्हतं.

"पुसून नवं चित्र घेते," इंजिनिअर म्हणाली. "मग डबीला तुम्ही दिसाल."

"आणि ती?"

"ती जाईल. हवं तर चित्राची प्रत ठेवते तुमच्यासाठी."

"चित्र घेऊन काय करू? मला ती बसलेली हवी."

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "मग रविवारी चल माझ्याबरोबर."

मी तिच्याकडे पाहिलं. ती धमकी देत नव्हती. न्हाणीघरात पडलेली आई तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"घे नवं," मी म्हणाले.

त्या दोघी बाहेर गेल्या. मी खुर्चीच्या पाठीकडे हात नेला, तर दारातून इंजिनिअर ओरडली, "आजी, हात लावू नका! ऊब राहते, ती चित्रात येईल." म्हणून लांबूनच म्हणाले, "ऊठ गं बाई. झालं काम. मान दुखेल."

"कुणाशी बोलतेयस?" मुलीने विचारलं.

"खोलीशी," म्हटलं, आणि दार माझ्या हाताने ओढून घेतलं.

संध्याकाळी मुलगी तिच्या घरी पोचली आणि तिचा फोन आला. मी खुर्चीत होते, डोक्यावर दिवा. ह्या खोलीत इतकं आयुष्य काढलं, पण मी आत आल्याची दखल खोलीने त्या दिवशी पहिल्यांदा घेतली. बरं वाटलं म्हणावं, तर कुणी टक लावून बघतंय असंही वाटत होतं.

"दिसतेयस!" ती म्हणाली. "आता जरा उठून बाहेर जा बघू."

मी उठले. उंबरा ओलांडला, आणि थोड्या वेळाने मागे दिवा विझला.

"आता तिथे कुणी नाही," ती खुशीत म्हणाली. "बरोबर ना?"

मी अंधाऱ्या खोलीकडे बघत राहिले.

"आई? बरोबर ना?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "कुणी नाही."