बॅलिकराचे पंधरा

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या त्या वसंतात आयर्लंडमधल्या मायोच्या किनाऱ्यावरच्या बॅलिकरा गावातून माणसं भराभर निघून चालली होती. कालपरवा चहाला आलेला शेजारी पुढच्या आठवड्यात इंग्लंडात बर्मिंगहॅमला विटा वाहत असे. आणि थेडी लव्हेलला आयरिश फुटबॉलच्या संघाला लागणारी पंधरा माणसं जमत नव्हती.

थेडीकडे खडकाळ जमिनीचा तुकडा होता, दोन गाई होत्या, दलदलीतली माती खणून, वाळवून वर्षभराचं जळण करावं लागे. पण गावचा संघ त्याने उभा केला होता, आणि रविवारी मैदानाच्या कडेला तो उभा राहिला की फादरसुद्धा दोन पावलं मागे सरत. त्याचा एकुलता मुलगा ओनी संघाचा जीव होता. त्याच्या पायात चेंडू आला की म्हाताऱ्या बायका छातीवर क्रूसाची खूण करायच्या.

ईस्टरला ओनीचा मामा मार्टिन बर्मिंगहॅमहून आला होता.

"पोराला घेऊन जातो," तो जेवताना म्हणाला. "माझ्या बांधकामाच्या टोळीत जागा आहे. राहील माझ्याच घरी."

ओनीची आई सबिना उठली आणि तिने भावाच्या ताटात आणखी बटाटे वाढले. तिला तेवढंच हवं होतं.

"पुढच्या रविवारी सामना आहे," थेडी म्हणाला. "संघ उतरला नाही तर स्पर्धेतून गावाचं नाव काढून टाकतील."

"टाकू देत की! खेळून पोट भरतं का?" सबिना म्हणाली.

"टोळी थांबायची नाही, थेडी," मार्टिन म्हणाला. "मी मंगळवारी निघणार. हा नसला तर दुसऱ्या कुणाला घेईन."

थेडी मुलाकडे वळला. "एवढा एक सामना, ओनी. मग खुशाल जा. मी हूं की चूं करणार नाही."

ओनीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो हसला. "राहतो, बाबा. नाहीतर तुम्ही गाईंना घेऊन मैदानात उतराल."

सामन्याला थेडीने पोस्टमनला उतरवलं, दमेकरी मास्तरांना उतरवलं, आणि पन्नाशीचा तो स्वतः गोलात उभा राहिला. समोरचा संघ आला तो अकराच जणांचा.

"बाकीचे कुठायत?" थेडीने विचारलं.

"लंडनला. बोलावू का?" त्यांचा कप्तान म्हणाला, आणि सगळे खो-खो हसले.

बॅलिकरा जिंकलं. ओनीला खांद्यावर घ्यायला धड चार तरणे खांदे नव्हते, तरी घेतलं. पुढच्या फेरीला मात्र कुणी उरलंच नाही. गोलाचे खांब एकाने कोंबड्यांच्या खुराड्याला नेले.

ओनी एकटाच इंग्लंडला गेला. मामाच्या टोळीत त्याच्या जागी दुसरा लागला होता, घरातली खाटही त्यानेच घेतली होती. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तो कॉव्हेंट्रीला गेला, अनोळखी माणसांत. पहिल्या नाताळाला कार्ड आलं. दुसऱ्याला आलं नाही.

तिसऱ्या वर्षी थेडीने शेजाऱ्यांकडे गाई सोपवल्या आणि तो बोटीने निघाला.

रविवारी मार्टिनने त्याला बर्मिंगहॅमच्या एका मैदानावर नेलं. थेडी कुंपणाशीच थबकला. समोर त्याचा सगळा संघ खेळत होता. गेल्या काही वर्षांत गेलेला एकेक पोरगा तिथे होता, राखीव खेळाडूसुद्धा बसवले होते. "थेडी आला रे!" म्हणत सगळे धावले, कुणी टोपी उडवली, कुणी मिठी मारली. थेडी त्या घामेजलेल्या डोक्यांवरून पलीकडे पाहत होता.

"ओनी कुठाय?"

गोलरक्षकाने मान खाली घातली. "बांधकामाच्या परांचीवरून पडला होता, थेडी. गुडघा गेला. मग... प्यायला लागला. आम्ही बोलवायला गेलो होतो. दारच उघडलं नाही त्याने."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

कॉव्हेंट्रीत ओनी राहायचा त्या खोलीची मालकीण दारातच उभी राहिली. "लव्हेल? नाव कोण विचारतो? इथं राहून गेलेले सगळे आयरिश पॅडीच."

थेडी घरी आला. सबिना भांडेल, सामन्याचं काढेल, असं त्याला वाटलं होतं. तिने काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "हॉस्पिटलात विचारलंस?"

"नाही."

"चर्चमध्ये? जिथं सूप वाटतात तिथं?"

"नाही."

"मग काय पाहिलंस? फुटबॉल?"

महिन्याभराने ती स्वतः गेली. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात फरशा पुसायचं काम तिला मिळालं. सुट्टीच्या दिवशी ती बांधकामांवर फिरायची, दारूच्या गुत्त्यांत शिरून टेबलावर डोकं टेकलेल्यांची तोंडं बघायची. वर्षाने नाताळला ती घरी आली, तेव्हा थेडीने तिचा हात धरला.

"आता नको जाऊस, सबिना. नाही सापडायचा तो."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मी इथं राहिले तर त्या देशात त्याचं कुणीच नसेल, थेडी."

ती गेली, आणि पुन्हा आली नाही.

थेडीने एक गाय विकली. संध्याकाळी दिवा लावायचा, पाव भाजायचा, आणि एवढा मोठा पाव कुणासाठी भाजला म्हणून अर्धा कोंबड्यांना टाकायचा.

"तू पण जा तिच्याकडे," शेजारची ऑनर एकदा म्हणाली. "भिंतींशी काय बोलत बसलायस?"

"घराला कुलूप घातलं, आणि ओनी इकडं आला तर?"

"मी आहे ना. सांगेन त्याला."

थेडीने तिच्याकडे पाहिलं. ऑनर उगाच एप्रनला हात पुसू लागली. लेकीने तिला लीड्सला बोलावलं होतं, ते तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"कधी निघतेस?" थेडीने विचारलं.

"बटाटे काढून झाले की," ऑनर म्हणाली.