तिसरी चाचणी

वीजखात्यात कामाच्या सुरक्षापद्धती लिहिणे हे माझे काम. मी पदार्थविज्ञान शिकलेला माणूस; आकड्यांचा आधार नसलेला नियम मला खपत नाही. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी केबलच्या तपासणीतली तिसरी पायरी मी रद्द केली.

पद्धत अशी होती. रस्त्याकडेच्या वीजपेटीत हात घालण्याआधी टेस्टर एका चालू जोडणीला लावायचा. पेटला, तर तो शाबूत आहे. मग बंद केलेल्या केबलला लावायचा. त्यानंतर पुन्हा चालू जोडणीला, कारण मधल्या वेळात टेस्टरच निकामी झाला असेल, तर जिवंत केबलही मेलेली दिसते. या शेवटच्या फेरीला चार मिनिटे लागत. मी सहा वर्षांचे तक्ते काढले. अकरा हजार दोनशे चौदा. तिसऱ्या चाचणीच्या रकान्यात दर वेळी ‘ठीक’, एकही अपवाद नाही.

माझ्या बायकोचे थोरले भाऊ याच खात्यात केबलच्या टोळीचे मुकादम होते. आदेश निघण्याच्या आठवड्यात ते जेवायला आले होते.

“जावईबापू, ती पायरी राहू द्या.”

“का?”

“असलेली बरी.”

“हे काय कारण झालं, दादा? आकडे दाखवा.”

“आमच्याकडे कसले आकडे! बोटं आहेत, ती मोजून दहा.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी.

यंदा एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, उपकेंद्रात चुकून शेजारचा स्विच पाडला गेला आणि दादांची केबल चालूच राहिली. दादांनी टेस्टर चालू जोडणीला लावला, तो पेटला. पेटीपर्यंत येता येता त्याची वायर आवरणाच्या आत तुटली, बाहेरून काहीच दिसत नव्हते. टेस्टर पेटला नाही, केबल मेलेली दिसली. तक्त्यावर दोन खुणा झाल्या आणि दादांनी अर्थिंगचा चिमटा पेटीतल्या जिवंत पट्टीवर चढवला. जाळ झाला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. उरलेल्या तीन बोटांची मूठ वळत नाही.

चौकशी समितीचा निष्कर्ष तयारच होता: पद्धत पूर्ण पाळली गेली, उपकरण सदोष, दोष कोणाचाही नाही, जाड वायरचे टेस्टर घ्यावेत. तिसरी चाचणी परत आणा, असे मी म्हणालो. अध्यक्षांनी माझाच अहवाल पुढे सरकवला.

“अकरा हजारांत शून्य, हे तुमचे आकडे. एका अपघातावरून पद्धत बदलायची नसते, हेही तुम्हीच लिहिलंय.”

मी लिहिले होते, आणि तर्क म्हणून ते बरोबरही होते. मी संध्याकाळी दादांकडे गेलो.

“दादा, तिसऱ्या चाचणीत टेस्टर कधी बंद निघाला होता का?”

“निघायचा की! वर्षातून दोन-तीनदा.”

“मग तक्त्यात का नाही?”

“तो तक्ता फाडायचा, दुसरा टेस्टर आणायचा, पहिल्यापासून सुरू. अर्धवट तक्ता दिला की ऑफिसातला कारकून तोंडावर फेकायचा. सगळ्या टोळ्यांत हेच.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही आकडे मागितलेत. फाडलेल्या कागदांचे आकडे कुठून आणू? आणि खात्याचे कागद फाडतो म्हणून सांगायचं कुणाला, खात्याच्या साहेबाला?”

अकरा हजार तक्ते मी मोजले होते. ते तयार कसे होतात, हे एकाही माणसाला विचारले नव्हते.

पुरावा आता एकच उरला होता: दादांचा लेखी जबाब. पण नोंदी नष्ट करणे हा खात्यात गुन्हा आहे, आणि हात निकामी झाल्यावर दादांना प्रशिक्षण केंद्रात शिकवण्याची जागा मिळायची होती. जबाब दिला तर ती जाणार. हे मी त्यांना लपवाछपवी न करता सांगितले.

वहिनी दारातून म्हणाल्या, “हात दिला तेवढा पुरे नाही झाला का?”

दादांनी मला विचारले, “बाकीच्या टोळ्या?”

“अजून दोनच चाचण्या करतात.”

“मग लिहा. मला पेन धरवत नाही.”

मी लिहिले आणि वाचून दाखवले. त्यांनी मध्येच थांबवले. “‘तक्ते फाटले’ कशाला? आपोआप फाटतात होय? ‘मी फाडले’ लिहा.”

मी खोडून लिहिले. त्यांनी डाव्या हाताने, लहान मुलासारखी, सही केली.

तिसरी चाचणी परत आली. तक्त्यात बिघाडाचा वेगळा रकाना आला, आणि पहिल्या तीन महिन्यांत सर्व टोळ्या मिळून त्यात पाच नोंदी झाल्या.

दोन्ही आदेश एकाच दिवशी निघाले. माझ्याबद्दल: निर्णय उपलब्ध माहितीनुसार योग्य होता, ठपका नाही. दादांबद्दल: नोंदी नष्ट केल्याचा शेरा, प्रशिक्षण केंद्रावरील नेमणूक रद्द, भांडारात बदली. दोन्हींच्या प्रती मी घरी आणल्या. बायकोने आधी दादांचा वाचला, मग माझा, आणि दादांचा तेवढा घडी घालून माझ्या हातात ठेवला.

“दादाला वाचून दाखवायला तूच जा.”

मी गेलो. वहिनींनी दार उघडले. ‘या’ म्हणाल्या नाहीत.