डाव्या पायाची शिकवणी

दोन महिने लेकीचं डोकं तापलेलं होतं, आणि तापवणारे दुसरेतिसरे कुणी नाही, तिचेच बाबा. दिवसभर गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्यांशी झटून घरी यावं, तर यांची तीच रेकॉर्ड सुरू: त्यांची विलायती मोटरसायकल कुठे आणि लेकीनं आणलेली जपानी कुठे. विलायती बाबांहून चार वर्षांनी लहान, जपानी विलायतीहून वीस वर्षांनी.

“तुझी जपानी म्हणजे शिवणयंत्र. गाडीवर बसल्यासारखं वाटतच नाही.”

“शिवणयंत्र बटण दाबलं की सुरू होतं, बाबा. तुमच्या राणीसाहेबांना सहा किका लागतात, आणि डॉक्टरांनी एकही मारू नका म्हणून बजावलंय.”

खरं दुखणं तेच होतं. बाबांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. किक मारता येईना तेव्हापासून ते गल्लीबाहेर पडले नव्हते. शेवटी कुरकुरत म्हणाले, “बरं, चालवून बघतो तुझी. पण हिच्यावरही जमलं नाही तर चावी तुझ्या हातात. पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही.”

लेकीला अडचण लगेच दिसली. विलायतीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. जपानीचं नेमकं उलटं. चाळीस वर्षांची सवय सुटणार कशी? मग ‘इंजिन खोललंय, दोन महिने लागतील’ अशी थाप मारून तिनं गुपचूप जपानीचे गिअर आणि ब्रेक अदलाबदल करायला घेतले. फ्रेमखालून आडवा दांडा घातला. तीनदा वेल्डिंग तुटलं, दोनदा हात भाजला. आणि एवढं करून घरी यावं, तर बाबा पेपर वाचत डाव्या पायाचा चवडा वरखाली, वरखाली करत बसलेले.

“पाय हलवू नका हो, वीट आलाय,” ती खेकसायची. बाबा पान उलटायचे, पाय काही थांबायचा नाही.

रविवारी सकाळी गाडी दारात आली. गंमत चालवतानाच कळू दे, असा लेकीचा बेत. बाबांना क्लच धरायला लावून पहिला गिअर तिनंच टाकला. बाबा ऐटीत निघाले. खाली वाकून पायाशी बघणं त्यांच्या शानेत बसत नव्हतं, आणि हातातला ब्रेक त्यांनी जन्मात धरला नव्हता. वळणावर त्यांनी उजवा पाय दाबला. खट्कन गिअर बदलला आणि गाडी थेट समोरच्या फाटकावर आदळली.

नशीब, लागलं नाही. लेक धावत आली ती चिडूनच. “ब्रेक डावीकडे घेतलाय मी, तुमच्यासाठी. जुन्या सवयीनं डावा का नाही दाबलात?”

“डाव्याला दोन महिने गिअर शिकवतोय मी,” बाबा म्हणाले. “पेपर वाचताना.”

“मग सांगायचं ना.”

“शिवणयंत्रासाठी शिकतोय, हे कोणत्या तोंडानं सांगू? तू तरी कुठे सांगितलंस?”

त्यांनी चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि लंगडत घरात गेले.

लेक बाबांवर चिडली, स्वतःवर चिडली, त्या आडव्या दांड्यावर तर सगळ्यात जास्त. दुसऱ्या दिवशी सगळं उपसून तिनं गाडी होती तशी केली आणि घरी आली. बाबा पेपर वाचत होते. दोन्ही पाय फरशीवर सपाट.

ती समोर बसली. मग म्हणाली, “पाय हलवा की हो, बाबा.”