मला घडीभर गप्प करा

मी खिंडीवरच्या स्टेशनची घंटा बोलतेय. बोलतेय कसली, दुपारपासून ऊर बडवून घेतेय.

खाली दरीतल्या ओताऱ्यानं मला काशात ओतलं आणि रेल्वेनं वर आणलं. ती लाल गाडी अजूनही धापा टाकत चढते. पाहुणे उतरतात, बर्फ बघून हरखतात, जवाचं गरम सूप पितात आणि पुढच्या गाडीनं परत जातात. गाडी आली की वाजायचं, हे माझं रोजचं काम.

धुक्यातलं काम वेगळं. वाट चुकलेल्यासाठी तीन ठोके द्यायचे, मग तळहात माझ्या काठावर दाबून मला गप्प करायचं आणि कान द्यायचा. हाक आली की तिकडं धावायचं. स्टेशन सांभाळणाऱ्या रिशला हे वडिलांनी शिकवलं आणि त्यानं बायकोला, मेंगियाला. "वाजवतेस काय नुसती, ऐकायला शीक," म्हणून तो तिला चिडवायचा.

आज झुबर नावाचे एक पाहुणे गोठलेलं तळं बघायला गेले आणि धुकं उतरलं. रिश त्यांना शोधायला निघाला.

"टोपी तरी घाल," मेंगिया म्हणाली.

"तुझी बडबड आहे ना कानात, तेवढी ऊब पुरे."

झुबर माझ्या आवाजाच्या रोखानं पाय ओढत परत आले. रिश त्यांना भेटलाच नव्हता. तो अजून आलेला नाही.

तेव्हापासून मेंगिया दोरी सोडत नाही. आपण थांबलो तर तो कायमचा जाईल, असं तिच्या मनानं घेतलंय. ठोक्यावर ठोका चाललाय, मधे श्वासाचीही उसंत नाही. तिचे तळहात सोलवटलेत.

"बाई, जरा बसा," शेजारी घोंगडी पांघरून उभे असलेले झुबर म्हणाले.

"तुम्ही सूप प्या," ती फाडकन बोलली. त्यांनी मान खाली घातली.

मघाशी दोरी तिच्या हातातून निसटली. तेवढ्यात रुळांवर येणारा बर्फ अडवणाऱ्या कुंपणाकडून बारीक हाक आली, "मेंगिया, पाय अडकलाय." मी ऐकली. ती रडत दोरी चाचपत होती, तिला कळलंच नाही. लगेच मी पुन्हा वाजू लागले आणि त्याचा आवाज माझ्याच आवाजात बुडाला.

आता अंधारून येतंय. मला ठणठणाटाखेरीज दुसरं काही बोलता येत नाही, याची एवढी चीड मला कधी आली नव्हती. अहो झुबर, तुम्ही तरी पुढं व्हा. तिच्या शिव्या खा, पण तिचा हात धरा. कुंपण जवळच आहे, आणि तो अजून हाका मारतोय.