सगळ्यांना विचारतात तो प्रश्न

"हात सैल सोडा काका. लिफ्ट ओढत नाहीये तुम्ही," सिस्टर म्हणाल्या, आणि बाकावरचे दोघं-तिघं हसले.

आप्पाही हसले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे; सिस्टरांच्या बिल्डिंगची लिफ्टही त्यांच्याच हातची. दंडाभोवती रक्तदाबाचा पट्टा आवळत गेला, तशी त्यांनी थरथरणारी बोटं मुठीत लपवली. शेजारी बसलेल्या मुलीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ही सवय तिला लहानपणापासूनची.

पिऊन आप्पांनी घरात कधी आवाज चढवला नाही, की रस्त्यात पडले नाहीत. फक्त हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली बाटली असायची. आणि सकाळचा पहिला घोट पोटात गेल्याशिवाय त्यांच्या हातात स्क्रू ठरायचा नाही. घरात या गोष्टीला नाव नव्हतं. आई म्हणायची, "त्यांची तब्येत जरा बरी नाही." शाळेत शिक्षिका झालेली मुलगी तेवढंही म्हणायची नाही.

पूर्वी दवाखान्याच्या मागे, जनरेटरला लागून, व्यसनमुक्तीची वेगळी खोली होती. तिला वेगळं फाटक. त्या फाटकातून आत शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालेला असायचा, म्हणून कोणी शिरायचंच नाही. नव्या डॉक्टरीणबाईंनी ती खोली बंद करून टाकली. आता साखर असो, रक्तदाब असो, दारू असो नाहीतर मन लागत नाही म्हणून आलेला माणूस असो, बाक एकच आणि गोळ्यांची खिडकीही एकच. सिस्टर पट्टा बांधता बांधता प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायच्या, वजन विचारावं तशा सुरात.

हे आप्पांना कुठल्याशा वॉचमनने सांगितलं होतं. "पायाला सूज आहे, दाखवून येतो," असं ते आपणहून म्हणाले, तेव्हा आईला नवलच वाटलं होतं.

"तंबाखू?"

"नाही."

"दारू?"

आप्पांनी घसा खाकरला. नेमकी तेव्हाच बाकाच्या टोकाची एक बाई पुढे वाकली. "अगंबाई, टीचर, तुम्ही? आमची धाकटी तुमच्याच वर्गात आहे की."

"छे हो," मुलगी म्हणाली. बघत होती सिस्टरांकडे, पण आवाज बाकाच्या टोकापर्यंत पोचेल असा. "आमच्याकडे तसलं काही नाही."

पट्ट्यातली हवा फुस्स करून सुटली. सिस्टरांनी आप्पांकडे पाहिलं. "काका?"

"टीचर सांगतायत ना," आप्पा म्हणाले. "टीचर कशाला खोटं बोलतील?"

सुजेच्या गोळ्या मिळाल्या. महिन्याने पुन्हा दाखवायला सांगितलं. परतताना आप्पा नेहमीपेक्षा हळू चालत होते.

"सांगणार होतो मी," ते म्हणाले.

"मग सांगायचं." तिचा सूर वर्गातला झाला.

"चारचौघांत तुला खोटं पाडू?"

कोपऱ्यावर ते थांबले, चपलेचा पट्टा सुजल्या पायावरून सारखा केला आणि खाली बघतच म्हणाले, "तू नको मनाला लावून घेऊ. पुढच्या खेपेपर्यंत तुझं उत्तर खरं करून ठेवतो."

या विषयावर बापलेकीचं तेवढंच बोलणं झालं. "बरं, सावकाश चला," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी आप्पांनी आईच्या देखत बाटली मोरीत ओतली. आईने मुलीला तिच्या घरी फोन केला. आनंद आवाजात मावत नव्हता, तरी ती कुजबुजतच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी आप्पांना घाम सुटला, पोटात पाणी ठरेना. मुलगी आली, तर त्यांना पेलासुद्धा धरता येत नव्हता.

"दवाखान्यात न्यायचं का गं?" आईने विचारलं.

"काय सांगायचं तिथे?"

दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. "उतरेल," मुलगी म्हणाली. "उद्यापर्यंत बघू."

उद्या उजाडलं, तेव्हा आप्पा कपाटाच्या दारांत बोटं घालून ती ओढत होते. "दार लागलंय. आत माणूस अडकलाय," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मग फिट आली.

मोठ्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टर आईला म्हणाले, "रोज घेत होते? आणि एकदम बंद केली? अहो, एकदम नसते तोडायची, औषधं देऊन उतरवावी लागते. यांना सोडायला सांगितलं कोणी?"

"कोणीच नाही," आई म्हणाली. मुलगी भिंतीकडे बघत होती. दुपारी आप्पा गेले.

लोकांना सांगितलं, हार्ट. लोक म्हणाले, सुटले बिचारे, कोणाकडून सेवा करून घेतली नाही.

पुढच्या महिन्यात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. मुलगी तिला घेऊन त्याच बाकावर येऊन बसली. ओळखीचं कोणी आहे का, हे तिने सवयीने आल्याआल्या पाहून ठेवलं. होतं. वर्गातल्या एका मुलाचे वडील होते, शेजारच्या काकू होत्या.

सिस्टरांनी आईच्या दंडाला पट्टा बांधला. "काकांना नाही आणलंत? आमची लिफ्ट पुन्हा धक्के द्यायला लागलीय. दुसरा माणूस आणला, पण त्याला ती ऐकत नाही."

"गेले ते," आई म्हणाली. "अचानक. हार्टनं."

पट्ट्यात हवा भरणारा सिस्टरांचा हात थांबला. बाकावर कोणीतरी चुकचुकलं. मुलीने आईचा मोकळा हात हातात घेतला. तो गार होता. आई मान खाली घालून बसली होती. मुलीने तो हात दाबून विचारलं, तेव्हा तिने नाही म्हटलं नाही.

"हार्टनं नाही, सिस्टर," मुलगी म्हणाली. पुन्हा तोच आवाज, बाकाच्या टोकापर्यंत पोचेल असा. "माझे वडील रोज प्यायचे. ते तुम्हाला सांगायलाच आले होते, मी बोलू दिलं नाही. दारू सोडताना गेले ते."