थ्री-एटी-सिक्सला आणखी एक वर्ष

प्रोसेसरच्या काळ्या पाठीवर कुंकवाचा ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, वाळून तपकिरी पडलेला. त्याच्या शेजारचा थेंब मात्र अजून ओला होता. ललिताने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. रक्ताचा तो थेंब गेणूच्या काचेने कापलेल्या हातातून गळला होता.

सातपूरच्या त्या कारखान्याच्या शेडमध्ये काच पसरली होती. सकाळी मशीनखालचा पत्रा सरळ करायला चंदरने हात घातला. समोरचा सुरक्षेच्या प्रकाशकिरणांचा पडदा हाताने तुटला की पत्रा कापणारं हे प्रेस जागीच थांबायला हवं. ते थांबलं नाही. पत्र्याबरोबर चंदरचा पंजाही कापला गेला. त्याला सिव्हिलला पोचवून त्याचा थोरला भाऊ गेणू परत आला तो पहार घेऊनच. पहिला घाव स्क्रीनवर, दुसरा पॅनेलच्या झाकणावर. मालक भिकन मध्ये पडला, तर त्याचं तोंड फुटलं.

"याला मारून काय उपेग!" गेणू ओरडला. "मशीन चालवणारं ते आतलं कोण लिहितं?"

"मी," ललिता म्हणाली.

पहार तिच्या कानाजवळून गेली. मागच्या पत्र्याला भोक पडलं.

"मग सांगा ना! का नाय थांबलं?"

"प्रोसेसर जुना आहे, थ्री-एटी-सिक्स. सिस्टिममध्ये आम्ही नवी नवी कामं घालत गेलो. ती उरकण्यात हा अडकला, की पडद्याकडे उशिरा बघतो."

"किती उशिरा?"

"हात जाण्याइतका."

कुठल्या प्रोसेसरसाठी सिस्टिम पुढे द्यायची, हे मशीनची सिस्टिम बनवणाऱ्या तिच्या कंपनीत ललितानेच ठरवायचं होतं. हा जुना आता सोडावा, असं ती तीन वर्षं मनाशी म्हणत होती. पण दर खंडेनवमीला भिकन तिला पूजेला बोलवायचा, कुंकवाची वाटी पुढे करायचा. "मॅडम, यंदा तुमच्या हातनं. पूजा घेतलेलं मशीन वर्षाच्या आत मोडीत काढू नये." ती झाकण उघडून नेमका प्रोसेसरवर ठिपका लावायची, पेढा खायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगायची, आणखी एक वर्ष.

भिकनने रक्त थुंकलं. त्यात दात होता.

"मॅडम, सगळी मशीनं याच प्रोसेसरच्या कार्डावर हायेत. नवी घ्यायची ऐपत नाय माझी. तेवढं चंदरचं बंद करा, बाकीची असू द्या."

गेणू वळला. दोन्ही हातांतली पहार डोक्यावर गेली. हा आता भिकनला ठार करणार, असं ललिताला वाटलं. पण गेणूची नजर भिकनच्या मागे गेली. तिथे त्याचं स्वतःचं मशीन होतं, कालच्या तेलाने चमकणारं. पहार हळूहळू खाली आली, फरशीला टेकली.

"माझं चालू राहील ना, मॅडम?" त्याने विचारलं. "चंदर आता घरीच बसंल. त्याची पोरंबी माझ्यावरच."

ललिताने रुमालाने त्याचा हात बांधला. गाठ घट्ट मारली. मग काचेवरून चालत ती त्याच्या मशीनपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. आतला पंखा घरघरत थांबला.

"नाही, गेणूभाऊ. तुमचंही नाही. थ्री-एटी-सिक्सला आमची सिस्टिम आजपासून बंद."